बिझनेस क्लासमध्ये झोप लागेल का? तिकीट काढण्याआधी सीट तपासायची पद्धत

विमान कंपन्यांच्या जाहिरातीतला बिझनेस क्लासचा प्रवासी नेहमी गाढ झोपलेला असतो. त्याचे पाय मात्र फोटोत सहसा दिसत नाहीत. सीट निवडताना नेमकं तिथेच बघायचं असतं.

आज बहुतेक मोठ्या कंपन्या लांबच्या प्रवासाला ‘पूर्ण सपाट होणारी सीट’ देतात. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पहिल्यांदा असा पलंग आणला, तेव्हा ती मोठी गोष्ट होती. त्याच काळात आणि नंतरही बऱ्याच कंपन्यांकडे सरळ होणारी पण उतरत्या कोनात राहणारी सीट असायची. तिच्यावर झोपलं की रात्रभर माणूस पायांकडे घसरत राही. अशा सीट आता कमी उरल्या आहेत, पण संपलेल्या नाहीत. सपाट सीटमध्येही आपसांत इतका फरक असतो की ‘लाय-फ्लॅट’ हा शब्द वाचून काहीच ठरवता येत नाही. इकॉनॉमीच्या कित्येक पट पैसे आपण मुख्यतः झोपेसाठी मोजत असू, तर तुलनाही झोपेचीच व्हायला हवी. शॅम्पेन, दार, पडद्याचा आकार हे सगळं नंतर.

आधी तास मोजा, मग सीट

हा भाग बहुतेक लोक वगळतात आणि माझ्या मते सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात. चांगली सीट तुम्हाला किती तास वापरायला मिळणार, हे आधी काढा.

उड्डाणानंतरची ३०-४० मिनिटं सीट सरळ ठेवण्यात जातात. जेवण घेतलं तर साधारण दीड तास. उतरण्याआधी दीड-पावणेदोन तास दिवे लागतात, नाश्त्याच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात सीट पुन्हा सरळ. दोन्ही वेळा खाल्लंत तर हवेतल्या वेळातून साडेतीन-पावणेचार तास वजा होतात. काहीच न खाता थेट आडवे झालात तर सव्वा तासाच्या आसपास.

आता खरी विमानं घ्या. न्यूयॉर्कहून रात्री निघून लंडनला पोचणारं विमान साडेसहा-सात तास हवेत असतं. सगळं खाल्लं-प्यायलं तर झोपायला उरतात जेमतेम तीन तास. त्यासाठी जगातली सर्वोत्तम सीट घेतली तरी सकाळी डोळे चुरचुरणारच. लंडनहून रात्री निघणारं मुंबईचं विमान नऊ तासांच्या आसपास घेतं आणि ते शरीराच्या रात्रीशी जुळतं. तिथे जेवण टाळलं तर सात-साडेसात तास मिळतात. उलट मुंबईहून दुपारी निघून त्याच संध्याकाळी लंडनला उतरणाऱ्या विमानात झोपायची गरजच नसते. झोपलात तर लंडनची पहिली रात्र जागून काढाल. लंडनला जायचं असेल तर माझा सल्ला साधा आहे: जाताना दिवसाचं विमान आणि प्रीमियम इकॉनॉमी, येताना रात्रीचं विमान आणि बिझनेस. बऱ्याच कंपन्या परतीच्या तिकिटात दोन वेगळे वर्ग जोडू देतात.

आखातामार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर हा हिशेब कागदावर मांडावा. मुंबईहून पहाटे निघायचं, तीन-साडेतीन तासांत दोहा किंवा दुबई, तिथे उतरून पुन्हा सुरक्षा तपासणी, मग सकाळी सुटणारं तेरा-चौदा तासांचं विमान. पहिल्या टप्प्यात जेमतेम डुलकी होते, त्यामुळे तिथे कोणती सीट मिळाली याने फार बिघडत नाही. दुसऱ्या टप्प्यावर वेळ भरपूर, पण शरीराच्या दृष्टीने तो दिवस असतो. आदली रात्र फुटलेली असल्यामुळे झोप येते, पण तुकड्यातुकड्याने. याउलट मध्यरात्रीनंतर मुंबईहून सुटणारं न्यूयॉर्कचं थेट विमान पंधरा-सोळा तास घेतं आणि पहिली सलग झोप तुमच्या नेहमीच्या वेळेला पडते. थेट विमानातली मध्यम सीट आणि एका थांब्याची उत्तम सीट यांत निवड आली, तर झोपेपुरतं मी थेट विमानाच्या बाजूने आहे.

विमान नेमकं कोणतं आहे ते शोधा

कंपनीचं नाव बघून सीट ठरत नाही. एकाच कंपनीच्या ताफ्यात दोन-तीन पिढ्यांच्या सीट एकाच वेळी उडत असतात.

एअर इंडियाचं एअरबस ए३५०-९०० जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलं. त्यात बिझनेसच्या २८ सीट आहेत, १-२-१ मांडणी (म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक, मधे दोन आणि त्यांच्या दरम्यान येण्याजाण्याच्या दोन वाटा) आणि प्रत्येकीला सरकतं दार. त्याच कंपनीच्या नूतनीकरण न झालेल्या बोईंग ७८७-८ मध्ये मांडणी २-२-२ आणि दार नाही. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये वरच्या मजल्यावर १-२-१, तर जुन्या ७७७ मध्ये २-३-२, म्हणजे बिझनेसचे पैसे भरूनही तिघांत मधोमध अडकण्याची सोय. नव्याने सजवलेल्या ७७७ मध्ये मात्र १-२-१. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये ए३५० वर दाराची ‘क्लब स्वीट’ आणली, पण त्याआधीची, एकाआड एक उलट्या तोंडाची सीट काही विमानांत नंतरही राहिली. कतार एअरवेजची ‘क्यूस्वीट’ २०१७ पासून आहे, तीही त्यांच्या प्रत्येक विमानात नाही.

मग शोधायचं कसं? तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो टिपून घ्या. मग कंपनीच्या संकेतस्थळावर सीटचा नकाशा उघडा आणि एका ओळीत किती सीट आहेत ते मोजा. चार असतील तर जवळपास नक्कीच सगळ्यांना वाट मोकळी. सहा किंवा सात असतील तर जुनी मांडणी. एरोलोपा या संकेतस्थळावर विमानाच्या प्रत्येक उपप्रकाराचे मापात काढलेले नकाशे मिळतात. कंपनीच्या नकाशात सगळे चौकोन सारखे दिसतात. इथे सीट तिरकी आहे का, खिडकीशी आहे का वाटेशी, हेही कळतं. गूगल फ्लाइट्सवर उड्डाणाचा तपशील उघडला की सीट पूर्ण सपाट आहे, कोनात सपाट आहे की स्वतंत्र स्वीट आहे, हे बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

हे तिकीट काढताना बघाच, प्रवासाच्या आठवडाभर आधी पुन्हा बघा आणि चेक-इनच्या वेळी आणखी एकदा. विमान बदललं जातं, आणि बदललं की तुम्ही निवडलेला सीट क्रमांक तोच राहिला तरी सीट दुसरीच असू शकते. विशिष्ट सीटची हमी तिकिटाच्या अटींत सहसा नसते.

मांडणीवरून शरीराला काय मिळणार ते ओळखा

सगळ्यांना वाट मोकळी असलेल्या मांडण्यांतही तीन-चार जाती आहेत.

पहिली जात म्हणजे हेरिंगबोन, माशाच्या काट्यांसारख्या तिरक्या लावलेल्या सीट. पाठ खिडकीकडे, पाय वाटेकडे. व्हर्जिन अटलांटिकने ही २००३ मध्ये आणली आणि त्यांच्या ७८७-९ मध्ये, म्हणजे मुंबई–लंडन मार्गावर दिसणाऱ्या विमानात, अजून आहे. हिची गंमत अशी की झोपायचं असेल तर उठून उभं राहावं लागतं, पाठीचा भाग पुढे उलटतो आणि त्याच्या मागच्या बाजूवर गादी पसरतात. पलंग चांगला, घट्ट आणि सलग होतो. पण अर्धवट रेलून पुस्तक वाचता वाचता डोळा लागण्याची सोय नाही, आणि खिडकीबाहेर बघायला मान मुरडावी लागते. सिंगापूर एअरलाइन्सच्या लांबच्या ए३५० मध्येही सीट उलटूनच पलंग होतो. तिथे पाय कोपऱ्यातल्या जागेत तिरके ठेवावे लागतात, म्हणून शरीरही तिरकं पडतं. सीट भरपूर रुंद असल्याने काहींना याचं काही वाटत नाही. उंच माणसाला वाटतं.

दुसरी जात उलटी हेरिंगबोन: डोकं वाटेच्या बाजूला, पाय खिडकीकडे. एकट्या प्रवाशाला मी डोळे झाकून हीच सुचवेन. खांद्याला जागा मिळते, सीट न उठता हळूहळू सपाट होते आणि ओळीतल्या सगळ्या सीट सारख्या असल्याने चुकीची निवड होण्याचा धोका कमी. तोटा म्हणजे डोकं वाटेजवळ. दार नसेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा स्पर्श आणि उजेड लागतो. दाराचा खरा उपयोग इथे आहे.

तिसरी मांडणी एकाआड एक सरकवलेली. एका ओळीत सीट खिडकीला चिकटून आणि टेबल वाटेकडे, पुढच्या ओळीत उलट. इथे सीट क्रमांक चुकला तर निम्मे पैसे पाण्यात. खिडकीला चिकटलेली सीट म्हणजे स्वतःची खोली. वाटेला चिकटलेलीत ट्रॉली कोपराला लागते. मधल्या जोडीतही काही ओळींत दोन सीट एकमेकींना खेटून, काही ओळींत लांब. स्विसच्या लांबच्या विमानांत दोन्ही बाजूंना टेबल असलेली एकटी सीट असते, तिला लोक ‘सिंहासन’ म्हणतात आणि तिच्यासाठी कंपनी वेगळे पैसे घेते. बसायला ती राजेशाही आहे, पण पाय जायचे ते पुढच्या दोन प्रवाशांच्या मधल्या कोनाड्यातच. पैसे भरण्याआधी त्या कोनाड्याचा फोटो शोधा.

आता टेप घ्या

कंपनीच्या माहितीत दिलेले आकडे खोटे नसतात, पण भलत्याच गोष्टीचे असतात. ‘पिच’ म्हणजे दोन ओळींमधलं अंतर. तिरक्या सीटमध्ये त्यावरून काहीच कळत नाही. रुंदी बहुधा बसायच्या जागेची सांगतात, आणि पलंगाची लांबी पायांच्या कोनाड्याच्या टोकापर्यंत धरतात. १९३ ते २०३ सेंटीमीटर ही लांबी हल्ली सगळीकडे असते आणि बहुतेकांना पुरते. अडतं ते दुसरीकडे.

घरी जमिनीवर पाठीवर झोपा. टाचेपासून वर आलेल्या अंगठ्याच्या टोकापर्यंतची उंची म्हणजे तुमच्या पावलाची लांबी, साधारण २४ ते २८ सेंटीमीटर. त्यावर पांघरूण. पायांच्या कोनाड्याची उंची यापेक्षा कमी असेल तर पाठीवर झोपल्यावर पावलं बाजूला मुडपूनच ठेवावी लागतील, आणि कूस बदलताना पाय आधी बाहेर काढावे लागतील. माझ्या मते सीटचं हे एकच माप विचारायचं असेल तर हेच विचारावं. ते छापलेलं नसतं. म्हणून प्रवाशांनी टाकलेल्या व्हिडिओत पलंग केल्यानंतरचा भाग बघा. त्यात बूट किंवा पाय कोनाड्यात दिसतात, त्यावरून अंदाज येतो. बऱ्याच मांडण्यांत पहिल्या ओळीत, भिंतीसमोर, हा कोनाडा जास्त ऐसपैस असतो, कारण पुढे कोणाचं टेबल नसतं. अर्थात तान्ह्या बाळांचे पाळणेही सहसा त्याच भिंतीला लागतात.

कुशीवर झोपणाऱ्यांनी दुसरं माप घ्यावं. नेहमीसारखे गुडघे दुमडून झोपा आणि पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत मोजा. सीट गुडघ्यांपाशी अरुंद होत असेल तर तुम्हाला अख्खी रात्र पाय सरळ ठेवावे लागतील. खांद्याकडे हात ठेवायची कड खाली जाते का, हेही बघा. ती खाली गेली की खांद्याला चार बोटं जागा वाढते, आणि कुशीवर झोपणाऱ्याला ती चार बोटं फार मोठी असतात.

मग सांधा. सपाट झालेली सीट एकसंध नसते. पाठ, बैठक आणि पायाचा भाग असे तुकडे जोडलेले असतात. रेल्वेत साइड लोअरच्या दोन पाठी पाडून केलेल्या बर्थवर झोपलेल्या माणसाला हा सांधा कंबरेखाली कसा टोचतो हे सांगायला नको. यावर उपाय एकच, गादीचा वेगळा थर. काही कंपन्या तो आपणहून अंथरतात, काही मागितल्यावर देतात, काहींकडे नसतोच. नसेल तर जादा पांघरूण मागून चौघडी करून कंबरेखाली घाला. स्विसने २००९ पासून हवा भरलेल्या, मऊ-कडक करता येणाऱ्या गाद्या आणल्या. कल्पना चांगली होती, पण तिचं अनुकरण फारसं झालं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. उंचावर सरळ उडतानाही विमानाचं नाक दोन-तीन अंश वर असतं. तोंड पुढे असलेल्या सीटमध्ये पूर्ण आडवे झालात तर डोकं पायांपेक्षा किंचित खाली जाऊ शकतं. नाक चोंदत असेल किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर पाठ थोडी उचलून ठेवा. बटण आहे म्हणून पूर्ण सपाट करायलाच हवं असं नाही.

हवा, आवाज, उजेड

इथे सीटपेक्षा विमानाचा प्रकार महत्त्वाचा. ७७७ आणि ए३३० सारख्या विमानांत केबिनमधला हवेचा दाब ८,००० फुटांवरच्या डोंगरासारखा विरळ होऊ शकतो. ७८७ आणि ए३५० मध्ये तो ६,००० फुटांच्या आसपास राखतात. २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७,००० ते ८,००० फुटांच्या दाबात तीन ते नऊ तास काढल्यावर लोकांची अस्वस्थता वाढलेली दिसली. म्हणजे सीट तुल्यबळ असतील तर नवं विमान घ्यावं.

दारूबद्दल उपदेश करायचा नाही, फक्त एक प्रयोग सांगतो. जर्मनीतल्या संशोधकांनी तरुण, निरोगी लोकांना विमानासारख्या दाबात झोपवलं. निकाल २०२४ मध्ये ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात आले. दारू न पिता झोपलेल्यांच्या रक्तातला प्राणवायू ८८ टक्क्यांच्या आसपास होता. पिऊन झोपलेल्यांचा ८५ पर्यंत उतरला आणि झोपेतही नाडी मिनिटाला ८८ च्या घरात धावत होती. फुकटची वाइन प्यायची तर जागं असताना प्या आणि मग पुरेसा वेळ जाऊ द्या. हृदय-फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

जागा निवडताना गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि शौचालयापासून निदान दोन ओळी लांब राहा. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये वरच्या मजल्याच्या मागच्या टोकाला बार आहे. झोपायचं असेल तर पुढे बसा. ७८७ च्या खिडक्यांना झडप नसते, काच विजेवर गडद होते आणि तिचं नियंत्रण कर्मचाऱ्यांनाही करता येतं. गडद असूनही दिवसा सूर्य अंधुक दिसतोच. डोळ्यांवरची पट्टी स्वतःची न्या, मिळते ती बहुधा पातळ असते.

आई-बाबांसाठी निवड वेगळी

मुलाकडे न्यू जर्सीला किंवा बे एरियात निघालेल्या सत्तरीच्या जोडप्यासाठी दारवाली आधुनिक स्वीट हीच उत्तम, असं गृहीत धरू नका. उंच भिंतींमुळे बाबांना आई दिसत नाहीत, दार कसं उघडायचं ते आठवत नाही, बटणं टचस्क्रीनवर. अशा जोडप्यासाठी १-२-१ मधली मधली जोडी घ्या, आणि ती एकमेकींना खेटलेली आहे, मधला पडदा खाली जातो, हे नकाशावरून खात्री करून घ्या. जुनं २-२-२ विमान मिळालं तरी वाईट वाटून घेऊ नका: तिथेही मधल्या दोघांना आपापली वाट असते. खिडकीची जोडी मात्र टाळा, रात्री शौचालयाला जाताना एकाला दुसऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. सीट उलटून पलंग करायची जात असेल तर कर्मचारी तो करून देतात, फक्त मागावं लागतं. आपली माणसं संकोचाने मागत नाहीत, तेवढं आधी बजावून ठेवा.

विमानात बसल्यावर

सीटवर पोचल्याबरोबर, उड्डाणाआधीच, दोन गोष्टी सांगा: नाश्त्याला उठवायचं की नाही, आणि गादीचा थर आहे का. जेवण लाउंजमध्ये उरकलेलं असेल तर उत्तम. आडवे झाल्यावर पट्टा पांघरुणाच्या वरून लावा. हवा खवळली की कर्मचारी पट्टे तपासत येतात, दिसला नाही तर उठवतात. पांघरूण जाड आणि केबिन उबदार, हा अनुभव बऱ्याच विमानांत येतो, आणि डोक्यावर हवेची झडप प्रत्येक सीटला नसते. म्हणून आत सुती कपडे घाला आणि पातळ चादर मागून बघा. तासन् तास झोपणार असलात तरी मध्ये उठून चालणं आणि पाणी पिणं चुकवू नका. केबिनमधली आर्द्रता सहसा २० टक्क्यांच्या खाली असते.

तुलना प्रामाणिक व्हायची असेल तर

उतरल्यावर त्याच दिवशी फोनमध्ये चार ओळी लिहा: विमानाचा प्रकार आणि सीट क्रमांक, आडवे झालात तेव्हापासून उठेपर्यंतचा वेळ, किती वेळा जाग आली आणि कशाने. ‘कशाने’ हे सर्वात महत्त्वाचं. पाय आखडले, सांधा टोचला, खांदा दुखला, ही कारणं सीटच्या खात्यात. उजेड, ट्रॉली, बाळ, गप्पा हे जागेच्या खात्यात, म्हणजे तीच सीट दुसऱ्या ओळीत घेऊन सुधारता येईल असं. घसा कोरडा, डोकं जड हे विमानाच्या किंवा ग्लासाच्या खात्यात. आणि झोपच आली नाही, तर बहुतेकदा वेळापत्रक दोषी. मनगटावरचं घड्याळ झोपेचे टप्पे दाखवतं, पण विमानात निश्चल पडून सिनेमा बघणाऱ्यालाही ते झोपलेला समजू शकतं; त्याच्या आकड्यांवरून दोन कंपन्यांची तुलना करू नका.

रात्रीच्या विमानाची तुलना रात्रीच्याच विमानाशी करा, आणि दिशा तीच ठेवा. पूर्वेकडे येताना आणि पश्चिमेकडे जाताना एकच सीट दोन वेगळ्या सीटसारखी वागते. पुढच्या वेळी तिकीट काढताना तुमच्या चार ओळी आधी वाचा, मग इतरांची परीक्षणं. आणि परीक्षण लिहिणाऱ्याची उंची व झोपायची सवय त्यात दिली नसेल, तर ‘अप्रतिम झोप लागली’ या वाक्यापुरतं ते सोडून द्या.